कौसल्येच्या पाठीचं माप

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

कौसल्या आज बाजाराला गेली ती माझी सायकल घेऊन. चालवत नाही, ढकलत नेते. हँडलवर कोपरं टेकली की पाय चालतात म्हणते. नुसती चालली तर पन्नास पावलांत मांड्या भरून येतात, कुणाचा तरी कट्टा बघून बसावं लागतं. बसली की पाच मिनिटांत पुन्हा बरी.

समोरच्या किराणा दुकानातनं शिवलिंगअप्पा म्हणाले, "वहिनी, एकदा टांग मारा की."

"तुमी मागं डबलशीट बसत असाल तर मारते."

अप्पा तराजूकडं वळले. मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हसलो. ती वळणावर गेली आणि हसू गेलं. मागनं बघितलं तर बाई कमरेतच दुमडलेली. समोरून कोण येतंय ते बघायला गुडघे वाकवून मान वर काढते. वय चौसष्ट. आमची आई ऐंशीची होऊन गेली, तिची पण पाठ अशी नव्हती.

१४ नोव्हें.

लेकीचा, मीनाचा फोन. लातूरला मणक्याच्या डॉ.कडं नंबर लावलाय, मंगळवारी या.

कौ. म्हणाली, "म्हातारपणाला काय डॉक्टर असतो व्हय?"

"असतो आई. आन् तो मंगळवारी अकराला बसतो."

लग्नाचे दोन ब्लाऊज अर्धे पडलेत. गिऱ्हाइकाला बुधवार सांगितला होता, आता गुरुवार सांगावा लागेल. शिंप्याचा गुरुवार म्हणजे काय ते गिऱ्हाईक जाणून असतं.

१९ नोव्हें., मंगळ. लातूर

सकाळची एस.टी. मुरूडपर्यंत कौ. ठीक, पुढं कंबर धरून. मीना स्टँडवर घ्यायला आली.

डॉ. तरणे आहेत, चाळिशीचे. आधी बोलले, मग तपासलं. "बाजाराला कशा जाता काकू?" असं विचारलं. कौ. म्हणाली, सायकल ढकलत. डॉ. थोडं हसले आणि कागदावर लिहून घेतलं. म्हणाले, पुढं वाकून टेकलं की कमरेतल्या शिरा मोकळ्या होतात, म्हणून सायकल लागते. यंत्रातनं जे कळायचं त्यातलं निम्मं इथंच कळलं.

मग तिला पाठमोरी उभी केली. उजवी बाजू फुगलेली, डावी कंबर आत गेलेली. विचारलं, "हा बाक कधीपासून आहे?"

कौ. म्हणाली, "या दोनतीन वर्षातलाच की. आधी मी सरळ होते. आरशात बघत न्हाय का मी."

डॉ. म्हणाले हे कळणं महत्त्वाचं. लहानपणापासूनचा जुना बाक उतारवयात वाढतो तो एक प्रकार. आधी सरळ असलेला कणा झिजून वाकतो तो दुसरा. आणि किती जोरात वाढतोय त्यावर पुढचं ठरतं. जुना एक्स-रे आहे का? कुठला असायला. आमच्या घरात एक्स-रे निघाला तो मीनाच्या हाताचा, झाडावरनं पडली तेव्हा.

डॉ.नी माझ्याकडं बघितलं. "काका, तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी म्हणालो, "ह्याच दोनतीन वर्षात."

उभं राहून काढायचा मोठा एक्स-रे, हाडांची तपासणी सांगितली. दोन आठवड्यांनी या म्हणाले.

२० नोव्हें.

खोटं बोललो. वहीशी तरी खोटं नको.

मला कळून पंचवीस वर्षं झाली. मीना शाळेत होती. कौ.चा ब्लाऊज बेतताना डावी बाजू उजवीपेक्षा पाव इंच कमी भरली. मला वाटलं टेप सरकला. पुन्हा घेतलं, तेच. पुढच्या दिवाळीला अर्धा इंच. मी काही बोललो नाही. डाव्या खांद्यात अस्तराच्या दोन घड्या जास्त घातल्या, उजव्या कुशीला शिवण सैल सोडली, परकराचा घेर एका बाजूला बोटभर लांब ठेवला. अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली तर बाई सरळ. खूष झाली. "तुमच्या हाताला बसतं तसं कुणाच्याच हाताला बसत न्हाय," असं म्हणाली होती.

मग दरवर्षी तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मूठ झाकली ती तिची. गिऱ्हाइकाचं व्यंग झाकणं हा आमचा धंद्याचा धर्म. कुणाचा खांदा पडका, कुणाची छाती आत, शिंप्यानं बोलायचं नसतं, कापडानं बोलायचं. पण बायको गिऱ्हाईक थोडीच.

मापं सगळी वह्यांत आहेत. गिऱ्हाइकांच्या नावापुढं गाव, तिच्यापुढं नुसतं "घ.", म्हणजे घरचं.

२४ नोव्हें., रवि.

वह्या माळ्यावरनं काढल्या. डॉ.ना नेऊन दाखवाव्यात असं ठरवलं होतं. तिला कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं. पिशवीत भरून ठेवल्या आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात गेलो. इथंच चुकलं.

दुपारी जेवायला आलो तर कौ. खाटेवर, भोवती सात वह्या उघड्या. तिला आकडे माझ्यापेक्षा लवकर वाचता येतात. काजं-बटणं आणि तुरपाई तीच करते, माप बघितल्याशिवाय होत नाही.

"घ. म्हंजी मी का?"

"व्हय."

"उजवी चौदा, डावी तेरा आन् पाव. हे कवाचं?"

"मीना दहावीला होती."

बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, "म्हंजी म्या इतकी वर्षं आरशात माझी पाठ न्हाय बघितली. तुमची शिलाई बघितली."

भाकरी वाढली. स्वतः जेवली नाही.

२५ नोव्हें.

बोलत नाही. चहा देते.

२६ नोव्हें.

सकाळी माझी कात्री घेतली. तिचा निळा ब्लाऊज मांडीवर घेऊन डाव्या खांद्यातलं अस्तर उसवलं. टाका टाका काढला, कापड कुठं फाटू दिलं नाही. तोच अंगात घातला आणि सायकल घेऊन बाजाराला गेली. डावा खांदा दोन बोटं खाली, गळा एका बाजूला ओढलेला. मी दारात उभा.

अप्पा म्हणाले, "मास्तर, आज वहिनीचा ब्लाऊज चुकला का काय?"

मी म्हणालो, "न्हाय अप्पा. आज बरोबर आहे."

आल्यावर भाजी ओतली, मेथीची जुडी माझ्यापुढं टाकली. "निवडा." दोन दिवसांनी पहिला शब्द. निवडली.

मग म्हणाली, "मला वाईट वाटलं असतं म्हणून लपवलं?"

"व्हय."

"वाटलं असतंच. पण ते माझं मला वाटलं असतं."



३ डिसेंबर, मंगळ. लातूर

वह्या घेऊन गेलो. डॉ.ना सगळं सांगितलं, कौ. आणि मीनाच्या देखत. मीना माझ्याकडं बघतच राहिली. डॉ.नी वह्या मिटवल्या नाहीत. मला शेजारी बसवून घेतलं, कुठला आकडा कशाचा ते विचारलं. मी सांगितलं: ही डावी कूस, ही उजवी, ही पुढची उंची, ही मागची. माणूस पुढं वाकायला लागलं की ब्लाऊज मागं लांब लागतो आणि पुढं आखूड.

त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं. कुशीतला फरक वीसबावीस वर्षं मुंगीच्या पावलानं वाढलेला. पुढं-मागं मात्र पाचसहा वर्षांपूर्वीपर्यंत काहीच फरक नाही, आणि तिथनं पुढं दर वर्षी उडी.

"काका, बाजूचा बाक जुना आहे. पुढचा झोक नवा आहे आणि तोच जोरात आहे."

मग फिल्म लावली. हातभर लांब, मानेपासून मांडीपर्यंत कौ. एका अंगानं उभी. डॉ.नी मानेच्या बुडापासून खाली सरळ रेघ सोडली, गवंडी ओळंबा सोडतो तशी. ती कमरेच्या हाडावर पडायला पाहिजे. हिची बरीच पुढं, हवेत पडली. कंबरेची पोकळी आत वळलेली पाहिजे ती सपाट झालीय, आणि तोल सावरायला कंबरेचं हाड मागं कललंय, म्हणून गुडघे वाकतात. बाजूचा बाक दिसायला मोठा, पण माणसाला लोळवतो तो हा झोक. कानामागून आली आणि तिखट झाली.

म्हणजे मी पंचवीस वर्षं जे झाकलं ते दुखणारं नव्हतंच. विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?"

"तेव्हा मी म्हणालो असतो, दर दोन वर्षांनी फोटो काढू. शिलाईनं हाड वाकत नाही काका." मग म्हणाले, "पण काकूंना माहीत असतं."

कौ. फिल्मकडं बघत होती.

३ डिसें., पुढं चालू (एस.टी.त, अक्षर हललंय)

डॉ.चं म्हणणं विसरायच्या आत. बाक किती अंशाचा यावर ऑपरेशन ठरत नाही. माणूस किती चालतं, पायात जोर आहे का, हाडं स्क्रू धरतील का आणि माणसाला काय पाहिजे, यावर ठरतं.

छोटं ऑपरेशन: दबलेल्या शिरा मोकळ्या करायच्या. पाय हलके होतील, झोक राहील, वाढेलही. मोठं ऑपरेशन: छातीच्या मागनं कंबरेच्या हाडापर्यंत सळया. ताठ उभी राहील, समोर बघून चालेल. पण कमरेतनं वाकणं कायमचं बंद. मांडी घालून जेवणं, खाली बसून भाकरी थापणं विसरायचं. आणि या वयात मोठ्या ऑपरेशनचे धोकेही मोठे, कधी दुसऱ्यांदा उघडावं लागतं. ते त्यांनी लपवलं नाही. नाहीतर ऑपरेशन नकोच: व्यायाम, गोळ्या, लागलं तर मणक्यात इंजेक्शन. दिवस बरे जातील, पाठ सरळ होणार नाही.

आज मात्र काहीच नाही, कारण हाडं पोकळ निघाली. भुसभुशीत भिंतीत खुंटी ठोकल्यासारखं होईल. काही महिने रोज एक सुई हाडांसाठी, आणि व्यायाम. मग ठरवू. मध्येच पायाचा पंजा उचलेनासा झाला किंवा लघवीचा ताबा गेला तर थांबायचं नाही, तडक यायचं. हे दोनदा बजावलं.

मीना म्हणते मोठंच करून टाकू, आईनं ताठ चालावं. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

५ डिसें.

सुई पोटावर द्यायची, रोज सकाळी. कौ. म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं सुई धरलीय, द्या तुमीच." मी तीनदा कापूस फिरवला, सुई टेकवेना, तीच हसायला लागली. "कापड समजा की."

कापड समजता येत नाही. तिनंच माझं मनगट धरलं, मग गेली.

११ डिसें.

व्यायाम शिकवणारी पोरगी मीनाच्या ओळखीतली, फोनवर चित्र दाखवत सांगते. उताणं झोपून पाठ जमिनीला दाबायची, भिंतीला टेकून उभं राहायचं, पोट आत घ्यायचं. कौ. भिंतीला टेकते तर डोकं भिंतीपासून वीतभर लांब राहतं. "भिंतच मागं सरकलीय," म्हणते.

अप्पा येऊन सांगून गेले की येरमाळ्याकडच्या त्यांच्या एका पाहुण्याची पाठ कापली आणि तो अंथरुणालाच खिळला. तासाभरानं दुसरं गिऱ्हाईक सांगून गेलं की तिची नणंद ऑपरेशननंतर शेतात जाते. दोघांनीही शपथ घेऊन सांगितलं.

२४ डिसें.

मीनाचा रोज फोन. आईचा विचार काय? कौ. म्हणते, "न बघता कसं सांगू? साडी घेताना पण उलगडून बघतो माणूस."

त्यावरनं मला सुचलं. म्हणालो, कोट शिवताना आपण आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर बघतो, मगच पक्की शिलाई. ऑपरेशनचा कच्चा टाका घालून बघू. आठ दिवस कमरेतनं वाकायचंच नाही. समजायचं की सळया बसल्यात.

कौ. म्हणाली, "आन् खाली पडलेलं कोण उचलायचं?"

"मी."

"मग घालाच टाका."

२६ डिसें.

पहिला दिवस. तिच्या कमरेला बांधायच्या कापडी पट्ट्यात मागं उभा खिसा शिवला, त्यात माझी लाकडी मापपट्टी, सैलच. वाकायला गेली की टोचते, आठवण राहते. ताठ ती होत नाहीच, पण आहे त्यापेक्षा खाली जायचं नाही. व्यायामाच्या पोरीला फोन करून विचारलं, ती आधी हसली, मग म्हणाली दुखलं तर लगेच काढा.

सकाळच्या तासात मी खालनं उचललेलं: चमचा, दोनदा रिळ, लसूण, तिची चप्पल, पुन्हा चमचा. दुसऱ्यांदा चमचा तिनं मुद्दाम पाडला असा माझा संशय आहे.

२७ डिसें.

भाकरी ओट्यावर उभ्यानं थापली. जमली. टेबलावर जेवलो दोघं, मशीनचं टेबल रिकामं करून. समोरासमोर. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, जेवताना ती मला अशी समोर कधी दिसली नव्हती. नेहमी वाढताना कडेला.

२८ डिसें.

पाय धुता येत नाहीत. पाठ वाकत नाही तर पावलापर्यंत हात जात नाही. मी बादली घेऊन बसलो. ती म्हणाली, "नगं. कुणी बघंल." दार लावलं. टाचांना भेगा आहेत, कधी बोलली नव्हती. तेल लावलं. तिनं डोळ्याला पदर लावला, मी बघितलं नाही असं केलं. आता हेही लपवणंच झालं का? संध्याकाळी म्हणालो, "मी बघितलं." ती म्हणाली, "ठावं हाय."

३० डिसें., वेळ अमावस्या

आज रानात पूजा करून तिथंच जेवायचं; आम्हाला शेत नाही, अप्पांच्या शेतात बोलावणं. सगळं गाव रिकामं, जो तो रानात. सायकल बांधाशी ठेवली, मी हात धरून नेलं.

अप्पांच्या सुनेनं कौ.साठी खुर्ची आणली होती. बायका सगळ्या कडब्यावर, ताटं पुढ्यात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या आंबिलीचा माठ. कौ. एकटी वर. मांडीवर ताट. बायकांचं बोलणं खाली चाललेलं, हिच्यापर्यंत निम्मं पोचत होतं. कुणीतरी हसलं की ही विचारायची, "काय म्हनली गं?" तोवर गोष्ट पुढं गेलेली.

मी बाप्यांच्या पंगतीतनं बघत होतो. तिनं ताट सुनेकडं दिलं, पट्ट्यातनं माझी मापपट्टी उपसली, खुर्चीच्या पाठीला लावून ठेवली आणि एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवून हळूहळू खाली कडब्यावर बसली. बायकांनी सरकून जागा केली. उठताना तिघीजणी लागल्या. उठून बांधापर्यंत येताना दोन ठिकाणी थांबली, पाय भरून आले.

अप्पा म्हणाले, "झालं, ठरलं मग. ऑपरेशन न्हाय."

कौ. म्हणाली, "अप्पा, तुमी माझ्या जागी चाला, मग ठरवा."

३१ डिसें.

पट्टी पुन्हा घातली तिनं. मी म्हणालो, काल काढलीस, आता राहू दे. "आठ दिवस म्हनलं ते आठ दिवस. अमावस्या उसनी घेतली, एक दिवस पुढं फेडते."

३ जाने. २०२५

आठ दिवस झाले. मीनाचा फोन, स्पीकरवर. कौ.नं स्वतः सांगितलं. भाकरी जमते, जेवण जमतं, पाय धुणं जमत नाही, पंगतीत एकटं पडायला होतं. "आन् सळया न घालता बी मला बाजारात लोकांचे पायच दिसतात, मीने. तोंडं दिसत न्हाईत. ते बी एकटंच पडणं हाय."

मीना रडली. म्हणाली, आई, तुला पाहिजे ते. मीनानं आठ दिवसांचं डॉ.ना कळवलं. त्यांचा निरोप: असं करून बघितलेलं पेशंट मला पहिलंच, काकूंनी सांगितलेलं सगळं लिहून आणा. छोट्या ऑपरेशनचाही पुन्हा नीट विचार करू, आधी हाडं.

१४ जाने.

सुई आता एकदाच कापूस फिरवून. कौ. डोळे मिटत नाही, माझ्या बोटांकडं बघते. तीळगूळ घ्यायला आलेल्या बायांना मापपट्टीची गोष्ट रंगवून सांगते. तीत मी चमचा उचलताना मशीनवर डोकं आपटतो. असं झालेलं नाही.

२ फेब्रु.

नवीन ब्लाऊज बेतायचा होता. माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणायचा असा तिचा हुकूम. "डावी साडेबारा." "उजवी?" "चौदा." ती हं म्हणाली. खांद्यात काय घालू विचारलं. "घरच्याला काही नगं. लग्नाला जायच्याला घाला." म्हणजे दोन शिवायचे.

डोकं भिंतीपासून वीतभर होतं ते चार बोटं कमी झालंय, की तसं मलाच वाटतंय. मापाच्या वहीत धरत नाही, पुढच्या महिन्यात मोजू.

२० फेब्रु., गुरु.

सकाळी फिरायला. सायकल नेली पण कौ.नं ती माझ्याकडं दिली. मी हँडल धरून शेजारनं. पाण्याच्या टाकीपर्यंत एकदाच थांबली. परतताना तीनदा. तिसऱ्यांदा वळणावरच्या कट्ट्यावर बसलो.

"तुमाला काय वाटतं, कधी बोलला न्हाईत."

सांगितलं. भीती वाटते. मोठं करू नये असं वाटतं. आणि तू अशी वाकलेली बघवत नाही, हेही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, म्हणून बोललो नव्हतो.

"मला बी दोनी वाटतं," ती म्हणाली. पायावर हात फिरवत बसली. रस्त्यानं शाळेची पोरं चालली होती, कौ. मान वाकडी करून त्यांच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "सुया संपू द्या. हाडं काय म्हनतात बघू. मग मी सांगंन. तवर मीनाला, अप्पाला, कुणाला काय बोलायचं न्हाय."

"बरं."

"आन् मी जे सांगंन त्याला हं म्हणायचं."

"हं."

"अजून सांगितलं कुठंय?"

"तरी हं."

ती उठायला लागली. मी हात पुढं केला. तिनं तो बघितला, आधी स्वतः प्रयत्न करते म्हणाली, आणि मी हात तसाच धरून उभा राहिलो.